सावडीचं माणूस

बोरस्ते सरांनी उडी मारून चेंडू जाळीपलीकडे हाणला, पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि नेमकी त्याच वेळी मीना भुसारे फक्कीच्या रेघा तुडवत मैदानात शिरून त्यांच्यापुढे उभी राहिली. हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, ती मुलगी धापा टाकत म्हणाली,

“सर, खाली बसा.”

“काय?”

“बसा ना सर. नायतर कुणाला तरी धरून उभे ऱ्हावा. माझा बा आलाय गेटवर.”

“मग? आण की त्यांना आत.”

“तुमचा पाय मोडलेला हाय, सर.”

सरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. नव्याकोऱ्या कॅनव्हासच्या बुटांत दोन्ही पाय धडधाकट होते. स्नेहसंमेलनाचा आठवडा चालू होता, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा व्हॉलीबॉलचा सामना रंगला होता आणि चाळिशी ओलांडलेले वाल्मीक बोरस्ते सर सकाळपासून स्वतःवरच खूश होते. पोरांसमोर आपण अजून उडी मारू शकतो, याचं त्यांना फार कौतुक वाटत होतं.

“बोरस्ते, सर्व्हिस तुमची!” मागून शेखर देवरे सर ओरडले.

“आलो, आलो. तोवर तुम्हीच मारा,” असं म्हणून सर मीनाच्या मागोमाग पाण्याच्या टाकीशी गेले. तिथे पोरं पाणी पिताना डबे ठेवायची तो ओटा होता. मीनाने त्यांना ओट्यावर बसायला लावलं आणि स्वतः गेटकडे पाठ करून उभी राहिली. ओढणीचं टोक तिने बोटाभोवती इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

“कोणी सांगितलं माझा पाय मोडलाय म्हणून?”

“मी.”

“तू? आणि का?”

तिने ओढणीचा आणखी एक वेढा बोटाला दिला. सरांना आधी राग आला, मग गंमत वाटली. मग त्यांना जून आठवला आणि गंमत थोडी कमी झाली.

दोन हजार चार सालचा तो जून. सरांचं कॉलेज द्वारका चौकातून आत, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांच्या आणि गॅरेजांच्या मागे. शहरातली पोरं सायन्स-कॉमर्सला पळायची, आर्ट्सला आलीच तर नावाजलेल्या कॉलेजांत जायची. यांच्याकडे कोण येणार? पण पट भरला नाही की तुकडी जाते, तुकडी गेली की तिच्यावरचा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मग सरकार धाडेल तिथे गाठोडं उचलून जावं लागतं. म्हणून दर जूनमध्ये सगळे शिक्षक तालुके वाटून घ्यायचे आणि दहावी पास झालेली पोरं शोधत गावोगाव हिंडायचे. त्याला ते आपापसात ‘गिऱ्हाइकं बघायला जाणं’ म्हणत आणि हसत.

बोरस्ते सरांच्या वाट्याला पेठ आला होता. मोटारसायकल डांबरी रस्त्यावर लावून, चिखल तुडवत ते पुंजा भुसाऱ्याच्या पाड्यावर पोचले तेव्हा त्यांना फक्त एक नाव कमी पडत होतं. अंगणात बसून त्यांनी पुंजाला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. नोकऱ्या सांगितल्या, वसतिगृह सांगितलं, शिकलेल्या पोरीमुळे घर कसं वर येतं ते सांगितलं. पुंजा काडीने जमीन टोकरत ऐकत होता. पोरगी दहावी झाली, तेवढं बास झालं, दिवाळीनंतर ती आमच्याबरोबर द्राक्षाच्या बागांना येईल, एवढंच तो म्हणाला. सरांचा घसा कोरडा पडला. पुंजाच्या बायकोने, चिमणाबाईने पाणी दिलं, ते पिऊन त्यांनी खांदे पाडले आणि बोलू नये ते बोलून गेले.

“पुंजाभाऊ, खरं सांगू? एकच पोरगी कमी पडतेय हो. तुमची आली तर माझं भागेल.”

पुंजाने काडी टाकली.

“असं व्हय? मग आधी नाय का सांगायचं, गुरुजी?”

दुसऱ्या दिवशी मीना कपड्यांची पिशवी घेऊन नाशकात हजर होती. स्टाफरूममध्ये सरांनी ही हकिगत कितीदा तरी रंगवून सांगितली होती. अंगठेबहाद्दर बापाला आपण शिक्षणाचं मोल कसं पटवून दिलं, त्याचे डोळे कसे उघडले, वगैरे. शेवटचं वाक्य तेवढं ते गाळत असत.

“मीना,” सर आता जरा आवाज चढवून म्हणाले, “नीट सांग. तुझ्या वडिलांशी खोटं का बोललीस?”

“बा सावडीचं माणूस मागत व्हता.”

“कसली सावड?”

“तुम्ही मला नेलं ना, त्याची.”

सावड म्हणजे काय ते सरांना सांगायची गरज नव्हती. निफाडकडच्या त्यांच्या गावात बागायत नव्हती तेव्हा तिथेही ती होती. आज माझ्या घरचं माणूस तुझ्या रानात राबेल, उद्या तुझ्या घरचं माझ्या रानात. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. पण आलेलं माणूस फेडायचं, ते मात्र चुकवायचं नाही. त्यांची आजी मरेपर्यंत कुणाकडे कुणाचं माणूस राहिलंय ते तोंडपाठ म्हणून दाखवायची.

“तुम्ही म्हणालात एक माणूस कमी पडतंय,” मीना खाली बघत म्हणाली. “माणूस कमी पडतंय म्हणल्यावर नाय म्हणत नाय आमच्याकडं कुणी. बा आयेला म्हणाला, गुरुजींचं काम अडलंय, पोरीला धाडू.”

“म्हणजे तुला शिकायला नाही पाठवलं?”

“तुमच्या कामाला पाठवलं.”

मैदानावरून कुणाचा तरी गुण गेला म्हणून आरडाओरडा झाला. स्टाफरूममध्ये रंगवलेली ती सगळी हकिगत सरांच्या डोळ्यांसमोर आली आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

“मग आखाडात आमची आवणी आली,” ती म्हणाली. “भाताची लावणी. मी हितं, तर तिथं एक माणूस कमी. बा सगळ्या पाड्याला सांगून बसला, नाशिकच्या गुरुजीकडचं माणूस येणार हाय म्हणून. रोज सकाळी डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन बघून यायचा. मी रविवारी घरी गेले तर लोक हसत व्हते त्याला. शहरातल्या माणसाशी सावड केली म्हणून. मग मी सांगितलं, गुरुजी निघालेच व्हते, गाडीवरनं पडले, पाय मोडला.”

आषाढात आपण कुठे होतो ते सरांना चांगलं आठवत होतं. तुकडी टिकली त्या आनंदात सगळ्या स्टाफने सहल काढली होती. पेठच्या घाटात धबधबा बघायला. भाजलेली कणसं खात ते सगळे रस्त्याच्या कडेला उभे होते आणि खालच्या खाचरांत पावसासाठी पाठीवर इरली घेऊन माणसं वाकून आवणी करत होती. देवरे सरांनी त्यांचे फोटो काढले होते. पुंजाच्या पाड्याची वाट तिथून जवळच फुटत होती, तेव्हा कुणीतरी विचारलंही होतं, “बोरस्ते, तुमची ती पोरगी इकडचीच ना?” आणि सर म्हणाले होते, “असेल. इकडंतिकडंच कुठंतरी.”

“सर्वपित्रीला गेले तर म्हणाला पाय कसा हाय. मी म्हणलं प्लास्टर हाय. दिवाळीला म्हणलं प्लास्टर काढलं, पण टेकवत नाय. मला काय म्हाईत तो हितं येईल.” तिने मागे वळून गेटकडे पाहिलं. “द्राक्षाच्या बागेत आज फवारा मारलाय, काम बंद हाय. म्हणून दिंडोरीवरनं आलाय. वॉचमन सोडत नव्हता त्याला, म्हणून मी पुढं पळत आले.”

सर ताडकन उठले.

“मी सांगतो त्यांना खरं. माफी मागतो. चूक माझी आहे, तुझी नाही.”

“नका सांगू!”

ती एवढ्याने ओरडली की पाणी प्यायला आलेली दोन पोरं वळून बघायला लागली. मीनाने आवाज खाली आणला.

“सांगितलं तर बा मला नेईल. ज्याला माणूस फेडायचं नाय, त्याच्या घरी माणूस ठेवत नाय आम्ही. पाड्यावरचे ठेवू पण देणार नाय त्याला. पाय मोडला म्हणून तर थांबलाय तो.”

“आणि तुला जायचं नाही?”

“नाय.”

“का?”

हा प्रश्न सरांनी वर्गाला पूर्वीही एकदा विचारला होता. ‘मी पुढे का शिकतो?’ असा निबंध त्यांनी पहिल्याच आठवड्यात लिहायला दिला होता, आणि पोरांना सुचेना तेव्हा स्वतःच फळ्यावर मुद्दे लिहून दिले होते. समाजाची सेवा, आईवडिलांचं नाव, स्वतःच्या पायावर उभं राहणं. सगळ्या वर्गाने तेच उतरवून काढलं होतं, मीनानेही. सरांनी सगळ्यांना सारखेच गुण दिले होते आणि एकही निबंध पुरता वाचला नव्हता.

मीनाने बोटाभोवतीची ओढणी सोडवली. मग म्हणाली,

“तिकडं सगळं येतंय मला, सर. आवणी येते, कापणी येते, बागेत घड विरळायचे ते येतंय. येऊन बसलंय सगळं. आता मरेपर्यंत तेच करायचं. हितं मला लय काय येत नाय. इंग्लिश येत नाय. इतिहासातलं अर्धं कळत नाय. रोज काहीतरी येत नाय असं सापडतं.” ती जराशी हसली. “मला ते बरं वाटतं.”

इतिहास बोरस्ते सरच शिकवत. शिकवत म्हणजे गाइडमधून टिपणं सांगत आणि पोरं लिहून घेत. अर्धं कळत नाही असं या मुलीने कधी हात वर करून सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती पटावरचं शेवटचं नाव होती. ते नाव आलं, तुकडी वाचली, तिथेच त्यांचा तिच्याशी संबंध संपला होता. सरांना लाज वाटली. अंगावरचे पांढरे कपडे, गळ्यातली शिट्टी, सगळ्याचीच लाज वाटली.

“कोणता पाय?” त्यांनी पुन्हा ओट्यावर बसत हळूच विचारलं.

“उजवा सांगितलाय मी.”

तेवढ्यात टाकीच्या कोपऱ्यावरून पुंजा आला. डोक्याला टॉवेल, खांद्याला पिशवी, आणि कॉलेजात जायचं म्हणून की काय, सदऱ्याची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सर उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबून पुन्हा बसले.

“राम राम, गुरुजी. बसा, बसा. उठू नका.”

“राम राम, पुंजाभाऊ. या. बसा ना इथं.”

पुंजा ओट्यावर बसला नाही. त्याने आधी लेकीकडे बघितलं, ती दिसते बरी एवढी खात्री करून घेतली, मग पिशवी खाली ठेवली. चिमणाबाईने पोरीला नागलीच्या भाकरी दिल्या होत्या, त्या काढून मीनाच्या हातात दिल्या. मग पळसाच्या पानांची एक पुडी काढली.

“आमच्याकडं बयाबाई हाय, म्हातारी. मोडलेलं बांधती. तिच्याकडनं पाला आणलाय. डाक्टरनं काय केलं नाय म्हणते पोरगी. लय दिवस झाले.”

“अहो, एवढं कशाला...”

“बोरस्ते!” मैदानातून देवरे सरांचा दणदणीत आवाज आला. “अहो, या की! तुमच्याशिवाय उड्या कोण मारणार?”

मीनाच्या हातातल्या भाकरी तशाच राहिल्या. सरांनी देवऱ्यांकडे न बघता हात हलवला. पुंजाने मान वळवून मैदानाकडे पाहिलं. जाळी, पोरं, पांढऱ्या रेघा, सगळं त्याने सावकाश बघून घेतलं.

“खेळ बरा चाललाय,” तो म्हणाला. “गेटच्या गजांतनं सगळं दिसतं. वॉचमन सोडीना, मग बघत उभा व्हतो मघापासनं.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मीनाकडे पाहिलं. ती भाकरी बांधलेल्या फडक्याची गाठ उगाच सोडून पुन्हा मारत होती. बापाचं बोलणं तिच्या ध्यानात आलं होतं की नव्हतं, कळायला मार्ग नव्हता.

“पुंजाभाऊ,” सर म्हणाले, “आवणीला मी... तुमच्याकडं माणूस यायला पाहिजे होतं.”

“व्हय. पायजे व्हतं.”

“तुमचं काम अडलं असेल.”

“अडलं. हिच्या आयेनं दोघींचं केलं.” पुंजाच्या बोलण्यात राग नव्हता. पावसाची गोष्ट सांगावी तसा तो सांगत होता. “पाड्यावरचे हसले थोडे. हसायचेच. पण पाय मोडल्यावर माणूस काय करनार?”

सरांच्या जिभेवर माफी आली होती, पण ती मागितली असती तर मीना संध्याकाळच्या गाडीने दिंडोरीला गेली असती. आपण या माणसाला अंगठेबहाद्दर म्हणून स्टाफरूममध्ये किती वेळा हसलो, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

पुंजा त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला.

“द्या पाय.”

“अहो, नको. पुंजाभाऊ, तुम्ही वयानं मोठे. माझा मी बांधून घेईन घरी.”

“घरी नाय बांधनार तुम्ही. द्या.”

पाणी प्यायला आलेली पोरं आता उघडउघड बघत होती. त्यांच्यातल्या मयूरने तर तोंडावर हात ठेवला होता, कारण सरांची शेवटची उडी त्यानेही पाहिली होती. सरांनी त्यांना हातानेच जा म्हणून खुणावलं. त्या गडबडीत त्यांनी पाय पुढे केला, पुंजाने बुटाची नाडी सोडली, मोजा ओढून काढला आणि पाय आपल्या मांडीवर घेतला. गोरा, मऊ, पावडर लावलेला तो पाय पुंजाच्या काळ्या हातात अगदीच केविलवाणा दिसत होता. पुंजाने घोट्यावर अंगठा दाबला.

“हितं दुखतं?”

“हो.”

“आन हितं?”

“हो,” सर म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.

मीना पुढे सरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बा,” ती म्हणाली, “उजवा... उजवा पाय हाय त्यांचा.”

सरांनी खाली पाहिलं. पुंजाच्या मांडीवर डावा पाय होता.

पुंजाचा अंगठा जिथे होता तिथेच राहिला. त्याने वर पाहिलं नाही, लेकीकडेही नाही आणि सरांकडेही नाही. पळसाची पुडी उलगडून त्याने वाटलेला पाला बोटांवर घेतला आणि घोट्याभोवती लावायला सुरुवात केली.

“गप ऱ्हा तू,” तो लेकीला म्हणाला. “गुरुजी देतील तो पाय बांधायचा.”

पाला गार होता. पुंजाने तो सगळीकडे सारखा पसरला, त्यावर पान ठेवलं आणि डोक्याचा टॉवेल काढून त्याची एक पट्टी टर्रकन फाडली. टॉवेल नवा होता. ‘नको, नको’ म्हणायला सरांनी तोंड उघडलं, पण तेवढीही आपली लायकी नाही असं वाटून ते मिटलं. पुंजाने पट्टी गुंडाळली, फार घट्ट नाही, फार सैल नाही, आणि गाठ मारून पाय हलकेच जमिनीवर ठेवला.

“आखाडापातुर बरा होईल ना, गुरुजी?”

“होईल.”

“व्हायलाच पायजे,” पुंजा गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाला. “पोरगी बारावीला असंल तवा. माणूस लागंल आमाला.”

सरांनी मान हलवली. वर बघणं मात्र त्यांना जमलं नाही.